तुझा खुनी कोण निघाला?

साताऱ्यात प्रतिसादपट, म्हणजे चष्म्यातून प्रत्येकाला वेगळा शेवट दाखवणारे चित्रपट, येऊन वर्ष होत आलं होतं. चित्रपट संपल्यावर ‘कसा होता?’ असं आता कुणी विचारत नसे. ‘तुझा खुनी कोण निघाला?’ असं विचारत.

रविवारी सकाळच्या खेळाहून परतताना मधुरानेही ईशानीला सहज तेच विचारलं. “माझ्यात तर खूनच नव्हता. त्या कारखानदाराचं हृदय बंद पडलं होतं, गुप्तहेर हात हलवत परत गेला. तुझा कोण?”

“भागीदार,” ईशानी म्हणाली.

ते खोटं होतं. तिच्या चष्म्यात कारखानदाराची दुसरी बायको खुनी निघाली होती. नवरा कासावीस होत असताना ती दाराशी उभी राहून नुसती पाहत होती.

ईशानीचे वडील गेल्या वर्षी घरातच हृदयविकाराने गेले. ईशानी तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होती. घरी होती ती फक्त मधुरा, त्यांची दुसरी बायको. मधुरामावशीवर आपण कधी संशय घेतला नाही, असंच ईशानीला वाटत आलं होतं.

दुपारी तिने तो चित्रपट घरच्या चष्म्यावर पुन्हा लावला. मध्यंतरापर्यंत तो सगळ्यांना सारखाच दिसतो. तेवढ्या वेळात प्रेक्षकाची नजर कुठे रेंगाळते, कुणाला पाहून नाडी जलद होते, हे चष्मा टिपतो आणि त्यावरून शेवट रचतो. या वेळी ती मुद्दाम कारखानदाराच्या ड्रायव्हरकडे बघत राहिली. भागीदाराचा राग आणून पाहिला. तरी शेवटी दाराशी दुसरी बायकोच उभी होती.

तिने चष्मा काढला. मागे मधुरा उभी होती. चष्म्यातलं चित्र भिंतीवरच्या पडद्यावरही उमटतं, हे ईशानी विसरली होती.

“मावशी, मी ठरवून नाही गं केलं. मला ते थांबवताच येत नाही.”

“कळतंय मला.” मधुरा खुर्चीत बसली. “पण त्या दिवशी काय झालं, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस.”

“सांग.”

मधुराने सांगितलं. त्यांच्या छातीत दुखायला लागल्यावर तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला, शेजाऱ्यांना हाका मारल्या. मग काही सुचेना, म्हणून त्यांचा हात धरून बसून राहिली.

ईशानीला शब्द न् शब्द पटला. तिने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

मधुराने चष्मा उचलून तिच्यापुढे धरला.

“आता लाव,” ती म्हणाली.

ईशानीने चष्मा घेतला, पण डोळ्यांवर चढवायला तिचा हात धजेना. तिला पटलं होतं. पण तिच्या नाडीला पटलं असेल का?