उंबरवाडीची जादा गाडी

"सामना कुनाचा व्हता?"

मी खिडकीशी बसून शाल कानांवरून ओढून घेत होते. सगळी एसटी रिकामी... आणि हा कंडक्टर चिमटा टकटक वाजवत नेमका माझ्याच समोर उभा.

"कसला सामना?"

"कबड्डीचा. ही गाडी कबड्डी बघायला आलेल्यांची हाय. जादा गाडी. सामना बघितला नसंल तर तुमाला बसता यायचं न्हाई."

दिवसभर बोलून माझा घसा बसला होता, पोटात भूक होती. मी चिडून म्हणाले, "मग उतरवा."

त्याने बाहेरच्या धुक्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बाकांकडे. "उतरवलं आसतं. पन मग गाडीत ऱ्हाणार कोन? मी आन हे गेणभाऊ. आमी एकमेकाला किती बघायचं?"

पुढे स्टिअरिंगवर बसलेले वयस्कर गेणभाऊ खो खो हसले. मला हसायचं नव्हतं, तरी आलंच. मग शालीच्या आत हसले.

चांगदेव मला भेटला तो असा.

दोन हजार चारचा हिवाळा होता. जुन्नरच्या बाजारपेठेमागे नवं बंदिस्त क्रीडागृह झालं होतं. आत निळी मॅट, वर मोठाले दिवे. तालुक्यातल्या गावांच्या कबड्डीचे सामने महिनाभर रोज संध्याकाळी तिथे लावले होते. एरवी हे सामने गावोगावच्या जत्रेत मातीवर व्हायचे. आता सगळ्यांनी शहरात यायचं. लोक यावेत म्हणून एसटीने आमच्या डोंगराच्या बाजूला संध्याकाळची एक गाडी सुरू केली. सामने संपले की निघायची. महिनाभर चालवून बघू, माणसं बसली तर कायम करू, असं ठरलं होतं.

आणि त्या गाडीवर माझा सगळा जन्म अडकला होता. उंबरवाडीला एरवी शेवटची एसटी पाच वाजता. मी पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते, आणि खरी गर्दी असायची ती संध्याकाळच्या बॅचला. क्लासच्या मालकीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, थांबता येत असेल तर काम, नाहीतर दुसरी मुलगी बघते. घरी आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वेगळंच. "वैजे, जुन्नरात खोली करून ऱ्हायाचं नाय. काम कर, पन चूल पेटायच्या टायमाला घरात दिसली पायजेस. नायतर घाटाखालचं स्थळ हायेच. त्यांना किती दिस थांबवायचं?" घाटाखालच्या त्या माणसाने मला एकदा पाहिलं होतं आणि शेळीचे दात बघावेत तसं पाहिलं होतं.

तेव्हा ही जादा गाडी आली म्हणून मी देवाला नारळ फोडला. फक्त एकच झालं... तिच्यात माणूस बसेना.

"का येत न्हाईत वो तुमची मानसं?" चांगदेव रोज विचारायचा. तो येडगावचा, धरणाच्या पाण्यावर ऊस आणि द्राक्षं पिकवणाऱ्या घरातला. डोंगरातली माणसं त्याला कोडंच वाटायची. आता तो समोरच्या बाकावर उलटा बसू लागला होता, पाठीवर हनुवटी टेकवून.

"आमच्या वाडीतल्या पप्पूच्या पिकअपनं येतात."

"पिकअपमदी उभं ऱ्हावं लागतं. हितं शीट हाय, काच हाय, वारं लागत न्हाई."

"वारं लागलं नाय तर वरडायला मजा काय?"

"आसं?"

"हलगी वाजवू देता गाडीत?"

"न्हाई."

"गुलाल?"

"झाडायला आमालाच लागतंय. न्हाई."

"टपावर बसू देता?"

"म्याडम, माझी नोकरी घालवता का?"

"मग कशाला येतील?"

दुसऱ्या दिवशी मी चढले तर तो म्हणाला, "गेणभाऊंना इचारलं. हलगी चालंल म्हनतात. डेपोच्या साहेबांनी बघितलंच तर म्हनू, पावण्यांचं सामान हाय." 

एवढा गंभीर चेहरा करून सांगत होता की मला एकदम... काय झालं ते तेव्हा कळलं नाही. घरी जाऊन भाकरी थापताना कळलं. तव्यावरची करपली, आणि आई म्हणाली, लक्ष कुठं हाय तुझं.

लक्ष त्या गाडीतच होतं. आपटाळे गावाच्या पुढे रस्ता चढू लागला की थंडी काचेच्या फटीतून आत यायची. चांगदेव आपला मफलर फटीत कोंबायचा आणि स्वतः कुडकुडत बसायचा. मी म्हणायचे, "तुमालाच थंडी वाजतीय." तो म्हणायचा, "मला सरकार पगार देतंय कुडकुडायचा." एकदा मी विचारलं, गाडीत आपण तिघंच, तर घंटीची दोरी कशाला ओढता, तोंडाने सांगा की गेणभाऊंना. तर त्याने दोरीच माझ्या हातात दिली. "एक टोला थांबायचा, दोन टोलं निघायचं. वडा." मी ओढली. टण्. गाडी थांबली. रस्त्याच्या मध्येच, दोन्ही बाजूला कापून मोकळी झालेली भातखाचरं आणि वर चांदणं. गेणभाऊ ओरडले, "कोन उतरतंय?" आम्ही दोघं पोरांसारखे खाली मान घालून बसलो.

पुढेपुढे मी वाडीत उतरले, गाडी वळली, तरी दोन टोले ऐकू यायचे नाहीत. मी बांधावरून आमच्या दारातल्या दिव्यापर्यंत पोचायचे, तेव्हा कुठे टण् टण् व्हायचं. एका रात्री गेणभाऊंचा आवाज घुमला, "आरं ए चांगदेव, दोरी तुटली का काय?"

मी दारात उभी राहून हसत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं. कारण महिना संपत आला होता आणि गाडी रिकामीच धावत होती. कधी एखादा भाजीवाला, कधी दोन म्हाताऱ्या. साहेब म्हणाले होते, फायनलच्या दिवशी तरी भरली तर वर बोलायला तोंड राहील, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून बंद. चांगदेवला मग दुसरीकडची ड्युटी लागणार होती.

आणि नशीब बघा, उंबरवाडीचीच टीम फायनलला गेली.

सुट्टी टाकून चांगदेव आमच्या वाडीत आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. घरोघर गेला. प्रत्येक ओट्यावर बसला, कोरा चहा प्यायला, नाचणीची भाकरी खाल्ली, आणि हात जोडून म्हणाला, "फायनलला एसटीनं या. गाडी तुमच्यासाठीच हाय." सगळे म्हणाले, येऊ की. आबाही म्हणाले, "पावणं, गाडी आपलीच हाय. न येऊन कसं चालंल?"

तो इतका खूश झाला. विहिरीपाशी मला गाठून म्हणाला, "सगळी येतो म्हनली. येक बी न्हाई म्हनला न्हाई."

मला सांगवेना. आमच्याकडे दारात आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. पाहुणा काहीही मागो, आधी हो म्हणायचं, त्याचं मन राखायचं, मग तो गेला की काय ते ठरवायचं. डोंगरातलं पोरगंही हे जाणतं. पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मलाही वाटलं, एक वेळ खरंच येतील... माणसाला वाटतंच ना.

फायनलला जाताना सगळे पिकअपने गेले. "येताना एसटीनं येऊ," असा निरोप चांगदेवला मिळाला. क्लास लवकर सोडून मी क्रीडागृहात गेले. त्या महिन्यात मी पहिल्यांदा सामना पाहिला आणि तोही नीट नाही पाहिला. आमची पोरं निळ्या मॅटवर अनवाणी घसरत होती, लोक घसा फोडून ओरडत होते, आणि मी मनात म्हणत होते, हरा. हरलात तर गुपचूप घरी जाल. गुपचूप जायला एसटी बरी असते.

जिंकले.

बाहेर कोपऱ्यावर आमची गाडी उभी होती. निघायची वेळ टळून गेली होती. आतले दिवे लावून, बाक पुसून, चांगदेव दारात उभा राहून हाका देत होता, "चला उंबरवाडी, आपटाळे, उंबरवाडी..." आणि समोरून गुलालाची लाट आली. पोरं खांद्यांवर, हलगी कडाडत होती, पप्पू पिकअपचा हॉर्न दाबून धरून बसला होता. बघता बघता सगळं गाव पिकअपवर चढलं. कोणी टपावर, कोणी फाळक्यावर.

मी गर्दीत घुसून आबांचा हात धरला. त्यांच्या मिशाही गुलाबी झाल्या होत्या. "आबा, एसटीनं चला. तुमी म्हनला व्हता."

"तू जा एसटीनं. पोरी, पोरं जिकलीत. त्यांना सोडून तिकीट काढून घरी जायाचं? गाव काय म्हनंल?"

"आज गाडी रिकामी गेली तर उद्यापास्नं बंद हाय. माझं काम बी बंद."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एसटीकडे पाहिलं, लख्ख उजेडातल्या त्या रिकाम्या बाकांकडे. त्यांना सगळं कळत होतं, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. तेवढ्यात वरून कोणी तरी आबांना हाक मारली, "रखमाजी, चढा लवकर." त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

"उद्याचं उद्या बघू," ते म्हणाले आणि चढले.

पिकअप आमच्या गाडीला घासून गेली. कोणी तरी प्रेमाने एसटीवरही गुलाल उधळला. चांगदेवच्या खाकी शर्टावर तो पडला. त्याने झाडला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सामना कुनाचा व्हता?"

"आमचाच," मी म्हणाले. आणि रडायला लागले.

आपटाळे मागे पडलं. त्या दिवशी तो उलटा बसला नाही; शेजारच्या बाकावर बसला, मधल्या वाटेत पाय ठेवून. मफलर काढून काचेच्या फटीत कोंबला. चढावर गाडीचा आवाज बदलला तेव्हा म्हणाला, "वैजयंती..." पहिल्यांदा नाव घेतलं. "ही गाडी चालू ऱ्हावी म्हनून मी वाडीत फिरलो न्हाई. तू बसावी म्हनून फिरलो."

"माहितीय मला."

"मी उद्या तुज्या दारात येतो. आबांकडं मागनी घालतो. काय म्हनतील?"

माझा जीव त्या एका वाक्यावर ओवाळून टाकावासा वाटला. पण खोटं बोलवेना.

"हो म्हनतील," मी म्हणाले. "चहा देतील, जेवायला बसवतील. पावणं, पोरगी तुमचीच हाय म्हनतील."

"मग?"

"मग पिकअपनं जातील."

त्याला कळलं. मी विचारलं, "आन येडगावात? तुमच्या घरी माझं नाव काढलं तर?"

तो हळू म्हणाला, "आमच्याकडं तोंडावर न्हाई म्हनत्यात."

मी त्याच्या शर्टावरचा गुलाल बोटाने पुसला. तो पुसला जात नव्हता, पसरत होता. त्याने माझं बोट धरलं आणि वाडी येईपर्यंत सोडलं नाही. मला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि हे मी त्याला सांगितलं. अगदी त्याच शब्दांत. एवढं तरी आपण केलं, याचं आजही बरं वाटतं.

वाडीत मारुतीपुढे शेकोटी पेटली होती, हलगी चालू होती, पोरांना ओवाळत होते. मी उतरले. गेणभाऊंनी गाडी वळवली आणि थांबले. मी बांधाकडे दोन पावलं टाकली... टोले पडले नाहीत. वळून पाहिलं, तर चांगदेव दारात उभा होता, हात दोरीला, आणि तो हात हलत नव्हता. मी दिव्यापर्यंत पोचण्याची वाट बघत होता तो. आणि मला माहीत होतं, मी पोचले तरी आज तो ओढणार नाही. गेणभाऊंनीही हाक दिली नाही.

मी परत आले. पायरीवर चढले, त्याच्या हातावरून हात नेऊन दोरी धरली.

थांबायचा टोला एकच असतो. मी दोन दिले आणि खाली उतरले.