चौथी भगिनी

सत्तावन्न सालची गोष्ट. पिंपरीच्या औषध कारखान्यात दिवसभर बाटल्यांना लेबलं चिकटवून विमल बाहेर पडली आणि फाटकाशीच तिच्या चपलेचा अंगठा तुटला. आता हेच राहिलं होतं! तिला रडूच आलं.

"तार हाय माज्याकडं. द्या हिकडं."

सायकलवरून उतरलेला ज्योतीराम निघोजे गावचा, त्याच कारखान्यात फिटर. तो खाली बसून चप्पल बांधत होता, आणि विमल त्याच्या उन्हाने रापलेल्या मानेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग बाईसाहेब बोलल्या काय, तर—

"तुमच्या घरी बायका आहेत ना? हळदीकुंकवाला पाठवा की."

कारण तिला चौथी भगिनी हवी होती. कुसुमताईंच्या भगिनी मंडळात पैसे भरायचे, चार भगिनी आणायच्या, की शिवणयंत्र मिळणार. यंत्र मिळालं की लेबलं सुटली! पैशांचं आधी बोलायचं नाही, अशी ताईंची शिकवण. ओटीत नारळ पडल्यावर कुठली बाई नाही म्हणते?

ज्योतीराम रोज सायकल हातात धरून तिच्या घराच्या, थेरगावच्या वाटेने तिच्यासोबत चालू लागला. त्याच्या घरी बाई एकच, थोरल्या भावाची बायको.

"वहिनींना विचारलंत?"

"इचारतो की... उद्या."

"रोज उद्याच!"

"उद्या म्हणलं की उद्या भेटाया येतं."

ती हसायची. पाय दुखायचे, तरी वाट संपू नये असं वाटायचं.

पुढच्या हळदीकुंकवात एका भगिनीला हार घातलेलं यंत्र दिलं. त्याच्या चाकाशी टवका उडाला होता. मागच्या महिन्यात दुसरीला दिलेल्या यंत्रालाही तिथेच टवका होता. विमलने त्यावर बोट फिरवलं होतं. यंत्र एकच होतं. नव्या बायका आणाव्यात म्हणून फक्त दाखवायचं. तिने स्वतः हाताला धरून नेलेल्या तिन्ही मैत्रिणी समोर टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम खुशीत आला. "वैनी तयार झाली! पैसं भराया लागत्यात, ते कुनीतरी सांगितलंय तिला. बोरमाळ मोडती म्हनली."

"नका आणू त्यांना. सगळं खोटं आहे... आणि मी तुमच्याशी त्याचसाठी बोलत होते. आधी."

त्याने सायकल थांबवली.

"आन आता?"

"आता— तुम्ही नाही आलात, तर ही वाट मला चालवत नाही."

त्याने घंटी उगाच वाजवली. "मंग उद्यापास्नं मी कशाच्या निमतानं यिऊ?"

"उद्या मला त्या तिघींच्या दारात जायचंय. खरं सांगायला... शिव्या खायला."

"मी बी येतो," ज्योतीराम म्हणाला. "निम्म्या मला."