पुठ्ठ्याची पाचर

वीज गेली तेव्हा जेवणं उरकली होती. धाकटा माझ्या मांडीवर झोपलेला, चिमी तिच्या आत्याला चिकटून बसलेली. आत्या म्हणजे माझी मावसनणंद. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पुस्तक महोत्सवाला चिमीला तीच नेणार होती. ती दरवर्षी जाते, एकही महोत्सव चुकवत नाही. तिथे मुलांना आपापलं छोटं पुस्तक करून मिळतं, त्याचं चिमीला आठवडाभर वेड लागलं होतं.

"जा की," सासरे अंधारातून म्हणाले. "गोष्टी ऐका, लेखक बघा. पण बाइंडिंगच्या खोलीकडे फिरकू नका."

"का हो बाबा?" दिरांनी खडा टाकला. "तिथली पुस्तकं चावतात काय?"

"पुस्तकं नाही चावत."

नणंदेने बांगड्या मनगटावर खाली ओढल्या. बाबांनी सांगायला घेतलं.

"माझा साडू, म्हणजे हिचा बाप, तिथे बाइंडर होता. ही तेव्हा चिमीएवढी. महोत्सवातला शनिवार होता. रविवारी मुलं येणार. त्यांच्यासाठी कोरी पुस्तकं शिवून झाली होती, नुसत्या कडा कापायच्या राहिल्या होत्या. बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात. घरी पोरीजवळ कोण थांबणार? तिला घेऊनच कामावर गेला. कात्रणांच्या ढिगावर चादर टाकली, तिला निजवलं, आणि मशीन चालू केलं.

ते मशीन कसं असतं ते ऐका. खाली टेबल, वर हाताएवढं लांब पातं. पात्याच्या आधी एक लोखंडी दाबपट्टी उतरते आणि कागद गच्च धरते. दोन टोकांना दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. का, तर कामगाराचे दोन्ही हात बाहेरच राहावेत.

पण घाईला अक्कल असते का? एका बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग एक हात कागद सरकवायला मोकळा. काम झपझप होतं. साडूच्या आधीचा मास्तर असंच करायचा. अशाच एका महोत्सवात त्याच्या उजव्या हाताची चारी बोटं गेली. अंगठा तेवढा उरला. पंजा पट्टीखाली अडकला, निघेना. ओरडला बिचारा. पण भिंतीपलीकडे सभागृहात कार्यक्रम रंगात आलेला, लोक टाळ्या वाजवत होते. ऐकणार कोण? दार उघडलं तेव्हा टेबलाखालच्या कात्रणांनी सगळं रक्त पिऊन टाकलं होतं. मास्तर मशीनवर ओणवा, उभाच. मेलेला."

"अहो बाबा, पोरं आहेत," मी म्हटलं.

"पोरं झोपली."

चिमी टक्क जागी होती.

"साडूला हे सगळं ठाऊक होतं. रुजू झाल्यापासून त्याने कधी पाचर लावली नव्हती. पण त्या रात्री ढीग काही सरेना. दवाखान्यातून निरोप नाही. सगळं लक्ष तिकडे. शेवटी त्याने पुठ्ठा दुमडला आणि डाव्या बटणात ठोकला.

पाचर टुणकन बाहेर पडली.

पुन्हा ठोकली. पुन्हा बाहेर. जणू कुणी आतून ढकलत होतं. साडू चिडला. हातोडी घेतली आणि दात-ओठ खाऊन ठोकली. तेव्हा बसली.

साडेअकरा वाजले होते. कापलेला गठ्ठा ठेवायला तो कपाटाकडे गेला. मागे कात्रणं सळसळली. वळून बघतो तर पोर उठलेली. टाचा उंचावून मशीनपाशी उभी. पात्याखाली लाल कागदाची पट्टी राहिली होती. तिला ती हवी होती.

'हात काढ!'

पोरीने बापाकडे बघितलं. हात तिथेच.

दाबपट्टी हलली.

उजव्या बटणापाशी कुणी नव्हतं... कुणीच नव्हतं... आणि बटण आत चाललं होतं. हळूहळू. कुणी तळहात ठेवून दाबावं तसं.

साडूने गठ्ठा टाकला. धावला. डाव्या हाताने पोरीचा दंड धरला. ओढला. पोर येईना. जोर लावला. येईना. एवढीशी पोर... टेबलाला शिवल्यासारखी.

पट्टी खाली येत होती.

त्याने उजवा हात आत घातला. तिचा पंजा बाहेर रेटला...

ती सुटली. भिंतीवर आदळली. कपाळ फुटलं.

पट्टी बसली. त्याच्या हातावर.

मग पातं आलं."

बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकलं.

"आणि भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या. जोरात. सभागृहाला केव्हाच कुलूप लागलं होतं."

चिमी आत्याच्या कुशीत शिरली.

"पोरीच्या किंकाळ्या ऐकून पहारेकरी आला, म्हणून साडू जगला. चार बोटं गेली. अंगठा राहिला. दाखव गं."

नणंदेने बांगड्या वर सारल्या. दिरांनी मोबाइलचा उजेड धरला. मनगटावरचा तो काळपट डाग मी लग्नापासून बघत आले होते. मला वाटायचं, जन्मखूण असेल. आता नीट बघितलं. तो अंगठ्याचा ठसा होता, मोठ्या माणसाच्या. तिने हात उलटा केला. पलीकडे बोटं उमटायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं.

"काकांचाच असेल," दीर म्हणाले. "गडबडीत आवळला असेल हात."

"त्याचा डावा हात दंडावर होता," बाबा म्हणाले. "आणि उजवा कुठे होता, ते सांगितलं मी."

"आत्या," चिमीने विचारलं, "तो मास्तर तुला बाहेर ओढत होता, की आत धरून ठेवत होता?"

नणंदेने डागावरून बोट फिरवलं.

मी म्हटलं, "ताई, रागावू नका, पण उद्या चिमी येणार नाही."

"नको पाठवू, वहिनी." ती अगदी हळू बोलली. "मला जावंच लागतं. महोत्सव जवळ आला की या मनगटातून ओढ लागते."

मी चिमीला जवळ घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात तिने आपला चिमुकला अंगठा त्या डागावर टेकवला. आणि झटकन काढला.

"आई... हे गरम आहे."