कॅरेटवरचा नंबर

"ओटीपी आला असेल. सांगता?"

"मी काहून सांगू? तुमी कोन?"

फोनवरचा माणूस सावध होता. मला आवडलं ते.

"शेंदूरजनाघाटच्या आरोग्य केंद्रातून देवश्री. पार्वताबाईंचं हेल्थ कार्ड काढतेय. त्यांनी तुमचा नंबर दिला."

"त्या आमच्या बगीच्यात संत्री तोडतात. पन माहा नंबर?"

पार्वताबाईंनी पदराची गाठ सोडून चिठ्ठी दाखवली. "घरातल्या संत्र्याच्या कॅरेटवर हाच लिवलेला हाय, बाई. उद्धवचा."

पलीकडे हसू. मग –

"चार एक सात शून्य नऊ तीन."

दुसऱ्या दिवशी जयवंताबाई. तोच नंबर.

तिसऱ्या दिवशी तिघं. तोच, तोच, तोच.

उद्धवची कॅरेटं, संत्री भरायचे ते प्लास्टिकचे क्रेट, घरोघरी होती. कुणी त्यात कांदे ठेवायचं, कुणी कोंबडी बसवायचं. मोबाईल बहुतेक घरांत होते, पण स्वतःचा नंबर कुणाला पाठ नव्हता. कॅरेटवरचा समोर दिसायचा.

"मॅडम, आज कोनाचा बीपी?" ओटीपी सांगून झाला की उद्धव विचारायचा.

"दुसऱ्याचा बीपी सांगत नसतात."

"मंग तुमचा सांगा."

"नॉर्मल."

(नव्हता.)

आणि मग तो मंगळवार. ऑनलाइन डॉक्टरांनी जयवंताबाईंची गोळी बंद केली. मेसेज उद्धवच्या फोनवर गेला. तो अचलपूरला, बाजारात. त्याने पाहिला संध्याकाळी. तोवर जयवंताबाई जुनी गोळी घेऊन, चक्कर येऊन, ओट्यावर बसलेल्या.

त्या सावरल्या. मी नाही सावरले.

नियम केला – नंबर स्वतःचा, नाहीतर घरच्या माणसाचा. एकतीस जणांचे नंबर बदलायचे.

घरं उद्धवनेच दाखवली. तो पुढे, मी मागे, वाटेवर संत्र्याच्या फुलांचा वास. मी सुनांना मेसेज उघडायला शिकवायची, वाचता न येणाऱ्यांना मेसेज मोठ्याने ऐकायचं बटण दाखवायची. उद्धव दारात उभा राहून संत्रं सोलायचा. अर्धं मला.

"आपन आपलेच फोन बंद करून राहिलो, मॅडम."

"हो ना…"

तरी एकतिसावा नंबरही बदलला.

आठ दिवस. मेसेज ज्याच्या त्याच्या घरी जात होते. जयवंताबाईंची सून स्वतः येऊन म्हणाली, "सासूची नवी गोळी समजली." छान वाटलं. खरंच. आणि माझा फोन टेबलावर… गप्प.

नवव्या दिवशी रांगेत उद्धव. इस्त्रीचा शर्ट, बोटांना संत्र्याचा वास.

"कार्ड काढाचं हाय."

"वय?"

"सत्तावीस."

"मोबाईल?"

तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. आठव्या आकड्यावर बोट थांबलं.

"हा… हा माझा आहे."

"हाव. पाठ हाय."

"नियम माहीत आहे ना? स्वतःचा, नाहीतर –"

"घरच्या मानसाचा." त्याचे कान लाल झाले होते. "म्हनून तर देऊन राहिलो. नाई म्हनसान तं… माहा टाका."

मागून पार्वताबाई, "टाक ना बाई काय तो! माहा बीपी वाढून राहिला!"

मी उरलेले दोन आकडे टाकले.

टेबलावर माझा फोन थरथरला.

"ओटीपी आला असन," तो म्हणाला. "सांगता?"

"मी काहून सांगू? तुमी कोन?"

तो हसला. आणि मी सांगितला – एकेक आकडा, त्याच्याकडे बघत, इतका सावकाश की वेळ संपली आणि दुसरा मागवावा लागला.