शेवटची काच

"कॅन्टीनचं पातेलं कुठं ठेवू?" असं विचारत काशिफ थेट प्रयोगशाळेत शिरला, आणि अफ्रीनच्या हातातली काच पडता पडता वाचली.

"हे कॅन्टीन दिसतंय तुम्हाला?"

"न्हाई... पण चहा मिळंल का?"

काय म्हणावं या माणसाला! नगरातल्या कल्हईवाल्याचा मुलगा, बोटांना कथलाची चमक, आणि डोळे — जाऊ द्या, डोळ्यांचं अफ्रीननं मनातच ठेवलं. पुढचे पंधरा दिवस पातेली रोज चुकीच्याच दारानं आली.

इकडं तिच्या जिवाला मात्र घोर. काचेवर झिंक ऑक्साईडचा थर, त्यावर तांब्याचा, केसाच्या हजाराव्या भागाएवढा. दोघांनी एकमेकांना घट्ट धरून राहायचं, एवढंच तिचं संशोधन. पण चिकटपट्टी लावून ओढली की तांबं सोलून यायचं! अकरा काचा वाया गेल्या. उरली एक. सोमवारी सर बघणार होते. हीही गेली तर संशोधन बंद, आणि अफ्रीन परत जामखेडला.

शनिवारी तांबं चढवायला तिनं ती काच उचलली. धूळ उडवायला ओठ पुढं केले —

"थांबा! फुंकू नका!" काशिफ दारातूनच ओरडला.

"का?"

"भांडं साफ झालं की अब्बा आमाला बोलूसुदा देत न्हाईत. तोंडाची वाफ लागली, थुंकी उडाली, की तिथं कथील धरत न्हाई. तुमी तर रोज फुंकता."

अफ्रीनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग ती भडकलीच. "पंधरा दिवस मिठाची गुळणी धरली होती का?"

"तुमी एवढ्या शिकलेल्या... आणि..." त्यानं मान खाली घातली. "काम झालं की तुमी जाल, असं वाटायचं."

"अहो, नाही झालं तर जाणार आहे मी!"

"या अल्लाह!" काशिफचा चेहरा पांढराफटक पडला.

काच पुन्हा धुतली, ओव्हनमध्ये सुकवली, मशीनमध्ये ठेवली. दोन तास दोघंही तोंडातून चकार शब्द काढेनात. तांब्याचा थर चढला. अफ्रीननं चिकटपट्टी लावली, आणि मागं सरली.

"तुम्हीच ओढा..."

त्यानं ओढली. पट्टी कोरी! तांबं जागचं हललं नव्हतं.

अफ्रीनला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आता बोलू का?" काशिफनं हळूच विचारलं.

"बोला की."

"अब्बांना जामखेडला पाठवू... तुमच्या घरी?"

तिनं काच जपून डबीत ठेवली. झाकण लावलं. कान लालबुंद झाले होते.

"सोमवारी सर बघून जाऊ द्या," ती म्हणाली. "मंगळवारी पाठवा."