दव झाडायची काठी

त्या दिवशी उजाडता उजाडता मी दव झाडायला निघाले होते, दुसरं काही नाही. दव झाडायचं म्हणजे काय, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोच आहे, तेव्हा आधी तेच सांगते. दिवा राहू द्या तसाच. फार मोठा करू नका.

आमच्या या दोन खोल्यांना लागूनच क्लबचं मैदान आहे. पायरी उतरली की गवतच. त्यावर क्लबची वयस्कर मंडळी लाकडी गोळे घरंगळवत खेळतात. गोळा सरळ जायला हवा, म्हणून गवत बारीक पात्याचं, केसांसारखं, अगदी खरवडल्यासारखं आखूड कापलेलं. जाड पात्याचं गवत कुठेही तग धरतं. हे मात्र लाडावलेलं. पाणी जास्त झालं की रुसतं, कमी झालं की रुसतं, आणि रात्रीचं दव पात्यांवर तसंच राहिलं तर बुरशी धरतं. म्हणून ऊन यायच्या आत वेताची लांब काठी डावीउजवीकडे फिरवत ते दव पाडायचं. झाडलेलं गवत गडद हिरवं दिसतं, न झाडलेलं चंदेरी.

हे काम जन्मभर माझ्या सासऱ्यांनी केलं, आणि केलं ते उलटं चालत. तोंड मैदानाकडे, पाठ आमच्या दाराकडे, काठी पुढे फिरत राहायची आणि पाऊल मागे पडायचं. त्यामुळे स्वतःच्या पावलाचा ठसासुद्धा काठीखाली पुसला जायचा. "माळ्याचा ठसा गवतावर दिसला तर तो माळी मेलेला बरा," असं ते ऐटीत सांगायचे. मी लग्न होऊन इथे आले त्याच दिवशी मला बजावलं गेलं की बायकांच्या टाचा जड असतात, गवतावर पाय ठेवायचा नाही. वाळू चाळायची, गवत कापायच्या मशीनची पाती घासायची, खत खांद्यावरून कडेपर्यंत आणायचं, पण कडेपर्यंतच. सासूबाईंचा सगळा संसार त्या कडेवरच उभ्याउभ्या झाला. माझा नवरा या गवताच्या कौतुकाला इतका कंटाळला की ट्रकवर नोकरी धरून निघून गेला आणि तिकडेच कुणाकडे तरी रमला.

सासरे गेले तेव्हा क्लबचे सेक्रेटरी भेटायला आले. दोन मिनिटं दुःख करून झाल्यावर मुद्द्यावर आले.

"बाई, मैदान आता कोण बघणार?"

"मी."

"तुम्ही?" ते हसले नाहीत, पण हसू दाबलेलं मला दिसलं. "बरं. सीझनच्या पहिल्या सामन्यापर्यंत बघू. बिघडलं, तर कंत्राटदार येईल. आणि खोल्या त्याच्या माणसांना लागतील."

म्हणजे गवत गेलं की डोक्यावरचं छप्पर गेलं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी दारामागच्या कोपऱ्यातून काठी काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "शेवटी शेवटी मला सांगत होते, मोडून टाक पण तिच्या हाती देऊ नकोस. घे. माझ्यात आता मोडायची ताकद नाही." त्या आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याचा शब्द मोडत होत्या. वेताची काठी मोडायला कसली ताकद लागते?

तर त्या दिवशी मी काठी घेऊन दार उघडलं आणि पायरीवरच थबकले.

चंदेरी दवाच्या मधोमध पावलं उमटली होती. अनवाणी, काळपट, स्पष्ट. बोटं मैदानाच्या मध्याकडे, टाचा आमच्या दाराकडे. कडेपासून कुणी चालत आल्याची खूण नव्हती, पलीकडे गेल्याचीही नव्हती. दहाबारा पावलं नुसतीच मध्ये. मी जवळ जाऊन वाकले. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

सासऱ्यांची करंगळी मशीनच्या पात्यात गेली होती.

हवेत वास होता. मशीनचं तेल आणि ओलं गोणपाट. मी ते ठसे झाडून टाकले. दुपारी बघते तर तेवढ्याच पावलांच्या आकारात गवत जळालेलं, उकळतं पाणी ओतावं तसं. अवजारांच्या शेडमागे याच गवताचा राखीव वाफा आहे, त्यातून तुकडे मातीसकट कापून आणले आणि ठिगळं लावली.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोंड मैदानाकडेच होतं ना? मग जाऊ दे. जिवंतपणी तरी कुठे आपल्याकडे तोंड होतं त्यांचं!"

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. वाटलं, म्हातारा निरोप घेतोय, घराकडून निघून मैदानात विरून जातोय. पण ठसे रोज उमटत राहिले. मी रोज ठिगळं लावत राहिले. वाफा संपत आला. सेक्रेटरी एकदा येऊन बुटाच्या टोकाने एक ठिगळ दाबून म्हणाले, "बाई, इथे कुणी नाचायला येतं की काय? असंच चाललं तर सामन्यापर्यंत थांबायचीही गरज नाही." मी मान खाली घातली, आणि स्वतःचाच राग आला.

मग एका दिवशी उठले तर सासूबाई माझ्या आधी पायरीवर उभ्या होत्या. धुकं होतं. त्यांनी माझा दंड धरला. हात गार पडलेला.

"अगं... ते जात नाहीयेत."

"म्हणजे?"

"जाणाऱ्याच्या खुणा पलीकडे वाढतील ना... या रोज आपल्या बाजूला वाढतायत. बघ." त्या कुजबुजत होत्या. "मी त्यांना जन्मभर पाठमोरं येतानाच पाहिलंय गं. या दारातून. आधी लांब दिसायची ती पाठ, मग जवळ, मग अगदी जवळ... ते येतायत."

मी पाहिलं. सगळ्यात अलीकडचा ठसा इतका जवळ होता, की पायरीवरून काठी लांबवली असती तर टोक लागलं असतं. आणि मला इतके दिवस कळलं नव्हतं. उलटं चालणाऱ्या माणसाची पावलं मी त्याच्याच घरात राहून सुलटी वाचत बसले होते.

"काय हवंय त्यांना?"

सासूबाईंनी दारामागच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"देऊन टाक," त्या म्हणाल्या. "काठी ठेव बाहेर. खोल्याही सोडू. माझ्या भाचीकडे पडून राहू कुठेतरी कोपऱ्यात..."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही काठी देऊन टाकावीशी वाटली. पण ‘कोपऱ्यात’ हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. चाळणीने हाताला घट्टे माझ्या पडले. खताची पोती मी वाहिली. त्यांच्या शेवटच्या आजारात औषधपाणी मी केलं. आणि कोपरा पुन्हा आम्हालाच? मी म्हटलं, "नाही देणार. येऊ देत. बघतेच मी."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. काठी मांडीवर आडवी. सासूबाई आत, दाराला टेकून. धुक्यात मैदान दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. सुंईं... सुंईं... वेत हवेतून फिरावा तसा आवाज. वेत तर माझ्या मांडीवर होता.

वास आधी आला. तेल आणि गोणपाट. मग धुकं थोडं विरळ झालं आणि मला ते दिसलं. वर काही नव्हतं, नुसती हवा. खाली मात्र चंदेरी दवात एक काळा ठसा उमटला. आधी बोटं दाबली गेली, मग टाच. थोड्या वेळाने अलीकडे दुसरा. शांतपणे, नेहमीच्या चालीने. घाई नव्हती त्यांना.

मी उभी राहिले.

"मामंजी. तिथेच थांबा."

सुंईं थांबलं.

"तुमचा मान ठेवून सांगते. काठी मिळणार नाही. तुम्ही या गवतावर जीव लावलात, मला माहीत आहे. पण तुमच्या पायांखाली ते आता जळतंय. माझ्या हाताखाली जगतंय. कडेवर उभं राहून मी सगळं शिकले, तुम्ही शिकवलं नाहीत तरी." आता मी ओरडत होते. "आणि हे पाठमोरं येणं बास झालं! यायचंच असेल तर आमच्याकडे तोंड करून या. घर आहे हे. घरात माणसं आहेत!"

आत सासूबाईंचा हुंदका ऐकू आला.

मग शेवटच्या दोन ठशांच्या जागी गवत हललं... पीळ पडल्यासारखं, सावकाश. आणि ठसे फिरले. बोटं माझ्याकडे झाली.

मी काठी उचलली आणि पायरी उतरले. उलटी नाही, सरळ समोर तोंड करून, काठी फिरवत, माझ्या जड टाचा गवतावर टेकवत त्या ठशांवरूनच गेले. एका पावलापुरती गारठ्यातून गेले, विहिरीत उतरावं तशी. थांबले नाही. पलीकडची कड गाठली आणि मगच वळून पाहिलं. काठी फिरली तिथे गवत गडद हिरवं होतं आणि त्यावर माझ्या पावलांची ओळ दिसत होती. मी ती पुसली नाही. रोजच दिसते आता.

त्या दुपारी गवत जळलं नाही. नंतरही कधी नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतः गोळा टाकून पाहिला. तो पार टोकापर्यंत सुतासारखा सरळ गेला. "बरंय," एवढंच म्हणाले. खोल्या आमच्याकडे राहिल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, नाही?

सामन्याच्या दिवशी दार उघडलं. दवात पावलं होती. मध्यापासून निघून थेट आमच्याकडे आलेली, बोटं दाराकडे. गवतावरून पायरीवर ओले ठसे, पायरीवरून उंबऱ्यावर. कडी रात्री मीच लावली होती. परत गेल्याचा एकही ठसा नव्हता.

सासूबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या, पदर सावरून, कुणी पाहुणं आल्यासारख्या. मी दारामागच्या कोपऱ्यात हात घातला, काठी धरली, ओढली.

येईना.

अडकली नव्हती. वरचं टोक कुणीतरी धरलं होतं. ज्याला धरायची सवय आहे अशा हाताने.

"सोडा," मी म्हटलं.

काही नाही.

"सोडा म्हणते ना. उशीर होतोय गवताला."

मग सुटली.

तेव्हापासून रोज असंच. मी ओढते, ती येत नाही, मी "सोडा" म्हणते, मग येते. सासूबाई आताशा तेवढ्यापुरतं भिंतीकडे तोंड करून पडतात. फक्त एक आहे... पूर्वी ते लगेच सोडायचे. हल्ली वेळ लावतात. रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त.

लावू देत. माझीही पकड रोज घट्ट होते आहे.