चव्वेचाळीस नंबरची काच

कर्जतजवळच्या भिसेगावात डॉ. गुप्ते यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एक सूक्ष्मदर्शक, एक जुना फ्रिज आणि जयवंता असं तिघांचं ऑफिस होतं. मुंबईच्या संस्थेत जागा नव्हती, म्हणून काम कर्जतला आलं होतं. जयवंता मूळची कुंभिवलीची. मुंबईच्या एका इस्पितळात बारा वर्षं रक्ताच्या काचा तपासून तिची नजर तयार झाली होती. लग्न केलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घराजवळ राहायला मिळेल एवढ्यावरच ती हो म्हणाली.

१९८६च्या मार्चअखेरीस डॉक्टर दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवरून परत आले. चेहरा उन्हाबर्फानं काळवंडलेला, आणि हातात लाकडी पेटी. पेटीत साठ काचा, आणि प्रत्येक काचेवर एकेका स्कुआ पक्ष्याच्या रक्ताचा पातळ थर. स्कुआ म्हणजे घारीएवढा, तपकिरी, बर्फाच्या कडेनं राहणारा समुद्रपक्षी. डॉक्टरांनी त्यांना एकेक करून धरलं होतं, पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं होतं, पायात नंबराची कडी घालून सोडून दिलं होतं.

प्रश्न साधा होता. जिथं गिरणी नाही, शेत नाही, रस्ता नाही, तिथवर माणसाचं विष पोचतं का? पक्ष्याच्या तांबड्या पेशीत मधोमध केंद्र असतं, माणसाच्या नसतं. विषानं पेशीतलं गुणसूत्र तुटलं, तर तुटका तुकडा केंद्राबाहेर पडून राहतो, बारीक ठिपक्यासारखा. अहवालात त्याला लांबलचक नाव होतं. जयवंता त्याला तीळ म्हणायची. हजार पेशींत एखाददुसरा तीळ असला तर पक्षी निरोगी. ती मोजायची, मग तीच काच डॉक्टर मोजायचे, आणि दोघांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले जायचे. त्रेचाळीस काचांपर्यंत दोघांत कुठं फरक पडला नाही.

चव्वेचाळिसाव्या काचेत जयवंताला एकतीस तीळ दिसले. डॉक्टरांना एक दिसला.

तिनं पुन्हा मोजलं. एकतीस. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. एक. दोघं एकाच भिंगातून बघत होती. डॉक्टर चिडले नाहीत. डोळे तपासून या म्हणाले. कर्जतच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं काही दोष नाही म्हणून सांगितलं. मग डॉक्टरांनी मोजून झालेल्या सगळ्या काचांच्या नंबरांवर कागद चिकटवला, पेटीतला क्रम बदलला आणि तिला एकेक काच दिली. बाकीच्या काचांचे तिचे आकडे पहिल्यासारखेच आले. एका काचेत एकतीस. कागद काढला तर खाली चव्वेचाळीस.

तिनं डॉक्टरांना एक गोष्ट सांगितली नव्हती. ती काच कागदाखालीही तिला ओळखू आली होती, वासानं.

काचेला वास नसतो, हे तिला माहीत होतं. रक्त अल्कोहोलात बुडवून पक्कं केलं की त्यात पुढं काही घडत नाही. ते मेलेलं असतं आणि तसंच राहतं. पण भिंगाला डोळा लावला की नाकाशी काथ्याच्या ओल्या दोराचा वास यायचा, शेवाळाचा यायचा, आणि त्या दोन्हींच्या खाली रंगाच्या दुकानात असतो तसा काहीतरी झोंबरा वास. आधी तिला वाटलं, खिडकीतून येतो. तिनं खिडकी लावून घेतली. वास वाढला. तिसऱ्या दिवशी तिला तो कुठला ते आठवलं. तो तिच्या गावच्या घरातल्या विहिरीचा होता.

रविवारी ती खोपोलीच्या गाडीनं निघाली आणि पुढं टेंपोनं कुंभिवलीला गेली. घरी आई गौराबाई होती, भाऊ धाकलू, आणि भावजय मैना. मैनाला पाचवा महिना लागला होता. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. त्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. फक्त मैनाला जड काही उचलू देत नसत. पाणीसुद्धा धाकलूच ओढायचा.

त्या दिवशी जयवंतानं स्वतः पोहरा सोडला. पाणी नितळ होतं. तिनं ओंजळ नाकाशी धरली. काथ्या, शेवाळ. झोंबरा वास तिला आला की नाही, हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकली नसती. पण विहिरीच्या कट्ट्याशी साचलेल्या पाण्यात आईच्या कोंबड्या चोची बुडवत होत्या. डॉक्टरांना नाहीतरी तुलनेसाठी इथल्या पक्ष्यांचं रक्त हवंच होतं. तिनं पर्समधून सुई आणि काचा काढल्या आणि सात कोंबड्यांच्या पंखाखालून सात थेंब घेतले. गौराबाई बघत उभी राहिली. कोंबड्यांना ताप आला का, एवढंच तिनं विचारलं.

सोमवारी डॉक्टरांनी त्या सात काचा आधी मोजल्या. संपल्यावर चष्मा काढून बसले.

"एकोणतीसपासून चौतीसपर्यंत," ते म्हणाले. "जयवंताबाई, या कोंबड्या कुठल्या?"

तिनं सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. वासाचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही. डॉक्टरांनी दोन बाटल्या भरून पाणी मुंबईला तपासायला पाठवलं आणि निकालाची वाट न बघता स्वतः कुंभिवलीला आले.

विहीर बंद करा म्हटल्यावर गौराबाईचा चेहरा बदलला. उन्हाळ्यात अर्धं गाव त्या विहिरीवर जगलं होतं. पाणी गोड होतं. तिनं डॉक्टरांना चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "माझ्या सासूनं डोक्यावरून माती वाहिली हाय या हिरीची. शेवटची पाटी टाकली नि तिथंच बसली, परत उठली नाय. आमी पाण्याला नावं ठेवायची व्हय?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मैना दाराआड उभी होती. जयवंता आत गेली आणि तिनं मैनाचा हात धरला. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही. पण त्या संध्याकाळी मैनानं विहिरीचं पाणी प्यायला साफ नकार दिला. सून सासूला नाही म्हणाली, त्या घरात हे पहिल्यांदाच. धाकलू उठला आणि सायकलला दोन कळशा बांधून चौक गावातल्या नळावर गेला. पुढं रोज जात राहिला.

जूनच्या तोंडावर निकाल आला. पाण्यात कारखान्यांचं रसायन होतं, आणि शोध घेतल्यावर ते कुठून येतं तेही कळलं. हमरस्त्याच्या पलीकडं एका कंत्राटदारानं कुंपण घालून जागा घेतली होती आणि तिथं कुठल्या कुठल्या कारखान्यांची रिकामी म्हणून आणलेली पिंपं पुरली होती. ती रिकामी नव्हती. तलाठी आला, पंचनामा झाला. पिंपं उकरून काढताना पहिल्या खड्ड्यातून जो वास आला, तो जयवंतानं ओळखला. ती बाजूला जाऊन उभी राहिली. तिच्या लक्षात आलं, आपल्याला कुणाचे तरी पाय धरायचे आहेत, आणि कुणाचे ते कळत नाही.

विहिरीवर सिमेंटची फरशी बसली. दोन महिन्यांनी कोंबड्यांचं रक्त पुन्हा पाहिलं. नवं रक्त तयार झालं होतं. हजारात दोन तीळ, एक तीळ. भाद्रपदात मैनाला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, मोठ्यानं रडणारी. बारशाच्या आधीच गौराबाई लेकीकडं भिसेगावला आली, टोपलीत अंडी घेऊन. ती डॉक्टरांना दिली. मग, ज्याच्या रक्तावरून विहिरीचं कळलं तो पक्षी दाखव, असं तिनं जयवंताला सांगितलं.

पक्षी कुठला दाखवणार? जयवंतानं तिला चव्वेचाळीस नंबरची काच दाखवली. म्हातारीनं ती हातात न घेता, पदर सावरून, लांबूनच पाहिली.

"राहतो कुठं गं हा?"

"लांब, आई. दक्षिणेला. शेवटालाच."

"दक्षिनंला," गौराबाई म्हणाली, आणि मान हलवली. "मंग बरोबर हाय. आपली सगळी तिकडंच असत्यात."

सर्वपित्री अमावास्येला तिनं बंद विहिरीपाशी एक पान जास्तीचं वाढलं. भात, वडे, भोपळ्याची भाजी. कावळे आले, पण त्या पानाला शिवले नाहीत. दुपारी जाऊन पाहिलं तर पान रिकामं होतं. कुत्र्यानं खाल्लं असेल, असं धाकलू म्हणाला. जयवंतालाही तसंच वाटलं.

त्या संध्याकाळी भिसेगावला परतल्यावर तिनं चव्वेचाळीस नंबरची काच भिंगाखाली घेतली. वास नव्हता. तिनं हजार पेशी मोजल्या. तीळ एक. वहीत तिनं आपला जुना आकडा खोडला नाही. शेजारी नवा लिहिला आणि खाली तारीख घातली.

नोव्हेंबरात डॉक्टर पुन्हा मोहिमेवर निघाले. निघताना जयवंतानं एक विनंती केली. तो पक्षी भेटलाच तर त्याला कुंभिवलीचा नमस्कार सांगा. डॉक्टर हसले नाहीत. सांगतो म्हणाले.

मार्चमध्ये ते परतले आणि सामान उघडायच्या आधी तिला म्हणाले, "भेटला. पायातली कडी वाचली मी. बाकीच्यांना जाळं टाकून धरावं लागलं. हा चालत आला. माझ्या गुडघ्यावर बसला आणि रक्त घेईपर्यंत हलला नाही."

"नमस्कार सांगितलात?"

"सांगितला."

पेशी दिसाव्यात म्हणून नव्या काचा रंगवायला तिला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी वीज नव्हती. तिनं सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडं वळवला आणि आकाशाच्या उजेडात त्या पक्ष्याची काच पहिली घेतली.

पेशी गोल होत्या. मधोमध केंद्र नव्हतं, एकीतही नव्हतं.

बारा वर्षं इस्पितळात तिनं हेच रक्त पाहिलं होतं. तिला पुस्तक काढावं लागलं नाही. तिनं काच हळूहळू सरकवली आणि पांढऱ्या पेशी शोधल्या. तिसऱ्या रांगेत, एका पेशीच्या केंद्राला ढोलाच्या टिपरीसारखा बारीक दांडा होता. असा दांडा पुरुषाच्या रक्तात सापडत नाही.

तिनं डॉक्टरांना हाक मारली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. या वेळी दोघांना एकच दिसत होतं.

"ही काच मी माझ्या हातानं केली," ते म्हणाले. "पंखाखालून."

जयवंतानं पदर डोक्यावरून घेतला आणि भिंगासमोर हात जोडले. मग काच परत ठेवण्यासाठी उचलली.

पेटीतल्या बाकीच्या काचा गार होत्या. ही कोमट होती.